लाज, शरम, हया आणि ‘बॅशफुल’

इंग्रजीत ‘बॅशफुल’ असा एक शब्द आहे. वॉल्ट डिस्नेच्या १९३७ सालच्या ‘स्नो व्हाइट’ चित्रपटातल्या सात बुटक्यांपैकी एकाचं हे नाव, त्यामुळे इंग्रजी न शिकलेल्या मुलांच्याही कानावरून तो गेलेला असतो. कोशात पाहिलं तर मराठी अर्थ मिळतो ‘लाजाळू’, उर्दू अर्थ मिळतो ‘शर्मीला’. मुलं दोन्ही वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. मला मात्र त्या दोन अर्थांपाशीच थांबावंसं वाटतं. लाज आणि शर्म हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत का? आणि आपण ज्याला ‘हया’ म्हणतो ती या दोन्हींतली कोण?

आधी इंग्रजी शब्दाचं कूळ पाहू. ‘बॅशफुल’ तयार झाला ‘अबॅश’ या क्रियापदातून, आणि ‘अबॅश’ इंग्रजीत आला फ्रेंचमधून. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्बाईर’ म्हणजे थक्क होणं, अवाक होणं. त्याच्या मुळाशी आहे तोंड उघडं पडणं; आपण मराठीत ‘आ वासणे’ म्हणतो ना, अगदी तेच. म्हणजे ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही अशा माणसाचं इंग्रजी नाव उघड्या तोंडावरून पडलेलं आहे! अर्थात यात विसंगती नाही. अचानक कुणी चारचौघांत उभं केलं की तोंड उघडतं, पण आवाज निघत नाही. वर्गात उभ्या राहिलेल्या मुलाकडे पाहिलं की हे कळतं, त्याला कोश लागत नाही.

दुसरा इंग्रजी शब्द ‘शाय’. हा फ्रेंचमधून आलेला नाही, इंग्रजीचा घरचाच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ चटकन घाबरणारा, दचकणारा. इंग्रजीत आजही घोडा ‘शाय’ होतो, म्हणजे वाटेत काही फडफडलं की तो अंग आखडून बाजूला उडी घेतो. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: बुजणे. बैल बुजतो, घोडा बुजतो, आणि त्याच क्रियापदावरून माणूस ‘बुजरा’ होतो. गंमत पुढे आहे. शेतात पाखरांना बुजवायला आपण जे उभं करतो ते बुजगावणं. जर्मन भाषेत ‘शाय’चा सख्खा भाऊ आहे ‘शॉय’, आणि जर्मन शेतकऱ्याच्या बुजगावण्याचं नाव आहे ‘फोगेलशॉइशे’, म्हणजे पाखरांना ‘शाय’ करणारं. कुठे जर्मनी आणि कुठे आपल्या कोकणातली भाताची खाचरं! दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी बुजरेपणाचं मूळ एकाच जागी, भीतीत, शोधलं.

तिसरा शब्द ‘मॉडेस्ट’. तो लॅटिन ‘मोडुस’वरून आला. मोडुस म्हणजे माप. जो आपल्या मापात राहतो तो मॉडेस्ट. याला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘लाज’ नाही, ‘मर्यादा’ आहे. तिचाही मूळ अर्थ सीमा, हद्द असाच. हाच ‘मॉडेस्टी’ शब्द इंग्रजांनी १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३५४ व्या कलमात घातला आणि मराठीत त्या गुन्ह्याचं नाव झालं ‘विनयभंग’. २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, कलमाचा आकडा ७४ झाला, पण शब्द तोच राहिला. संस्कृतात विनय म्हणजे वळण, शिस्त. बौद्ध भिक्खूंच्या नियमांना ‘विनय’ म्हणतात ते याच अर्थाने. गुन्हा केला पुरुषाने, शिस्त त्याची सुटली, आणि भंगला म्हणायचं बाईचा विनय. हे मला कधीच नीट पटलेलं नाही. असो.

आता आपल्या घरात येऊ. ‘लाज’ हा संस्कृत ‘लज्जा’पासून प्राकृतातून उतरलेला शब्द. ‘शरम’ फारसी. मराठीने दोघांना वेगळं ठेवलंच नाही, ‘लाजशरम’ असा एकच शब्द करून टाकला. ‘लाजशरम आहे की नाही?’ असं ओरडणाऱ्या आईला आपण एका श्वासात प्राकृत आणि फारसी बोललो हे माहीत नसतं, माहीत असायची गरजही नाही. धनदौलत, रीतरिवाज, कागदपत्र हे शब्दही याच घडणीचे, एक पाय इकडचा आणि एक तिकडचा. जिथे दोन भाषा बोलणारे लोक एका बाजारात आणि एका कचेरीत वावरतात तिथे असे जोडशब्द पडतात. एक शब्द याला कळावा, दुसरा त्याला. इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन सरदारांचं राज्य आल्यावर तिथेही हेच झालं. इंग्रज वकील अजूनही मृत्युपत्राला ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतो, त्यातला पहिला शब्द इंग्रजीचा घरचा आणि दुसरा लॅटिन वळणाचा.

आपल्या तालुक्यापुरतं बोलायचं तर ही देवघेव कुठे झाली हे दाखवायला फार लांब जावं लागत नाही. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आहे. बहामनी आणि आदिलशाही काळात इथून होर्मुझला, एडनला गलबतं जात, हजचे यात्रेकरू जात. पंधराव्या शतकात हिंदुस्थान हिंडून गेलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन परतताना दाभोळहूनच जहाजात बसला. खाडीकाठची आदिलशाही मशीद आजही उभी आहे. बंदरावर माल उतरतो तसे शब्दही उतरतात. दुसरी वाट होती दफ्तराची: फारसीत चालणारे हिशेब, हुकूम, महजर. तिथून ‘अब्रू’ आली. फारसीत आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा, अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. तिथूनच ‘खजील’ आला, जो अरबी आहे.

‘मिंधा’ या शब्दाची गोष्ट तर आणखी मजेची. ‘मी कुणाचा मिंधा नाही’ हे वाक्य मराठी माणूस किती अभिमानाने बोलतो! हा मिंधा म्हणजे फारसी ‘शर्मिंदा’चं मागचं अर्धं शेपूट. शरमलेला तो शर्मिंदा. उपकाराच्या ओझ्याने ज्याला मान वर करता येत नाही तो मिंधा. पुढची ‘शर’ गळून पडली आणि उरलेला तुकडा इतका मराठी झाला की त्याचा वंश विचारायचं कुणाला सुचत नाही.

‘मुलाहिजा’ घ्या. अरबीत ‘लह्ज’ म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहणं. त्यावरून उर्दूतला ‘लिहाज’ आणि त्यावरूनच मुलाहिजा. म्हणजे समोर कोण बसलंय ते नजरेच्या कडेने पाहून मगच बोलणं. ‘मुर्वत’ ही अरबी ‘मुरुव्वा’. तिचा मूळ अर्थ मर्दपणा; पण अरबांच्या लेखी मर्दपणात उदारपणा आणि शब्द पाळणं येत होतं, म्हणून उर्दूपर्यंत येता येता तिचा अर्थ दुसऱ्याचं मन राखणं असा झाला. मराठीने तिला आपल्या ‘भीड’शेजारी बसवलं आणि ‘भीडमुर्वत’ असा जोडशब्द केला. भीडमुर्वत न ठेवता बोलणारा माणूस आपल्याला आवडतोही आणि टोचतोही.

सावरकर १९२४ ते १९३७ या काळात आपल्याच जिल्ह्यात, रत्नागिरीत स्थानबद्ध होते. तिथून त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. फारसी-अरबी शब्द काढून संस्कृत वळणाचे शब्द आणायचे हा तिचा एक मोठा भाग. दिनांक, महापौर हे त्यांचे शब्द रुळले, आज आपणही ते सहज लिहितो. साधारण त्याच काळात, १९२५ मध्ये, माधव जूलियन यांचा फार्शी-मराठी कोश आला. चळवळीने तारखेला दिनांक दिला, पण शरमेला बदली शब्द काही रुळला नाही. कचेरीतला शब्द हुकमाने बदलतो. आई मुलाला रागावताना जो शब्द वापरते तो कुणाच्या हुकमात नसतो.

उर्दूत शर्मेची जोडी वेगळी. तिथे ‘शर्म-ओ-हया’, म्हणजे फारसी आणि अरबी. मराठीत लाजशरम, उर्दूत शर्म-ओ-हया. मधली शरम दोन्हीकडे आहे, पुलासारखी. या पुलावरून आपण रोज ये-जा करतो आणि म्हणूनच कदाचित लाज आणि हया एकच असं धरून चालतो. माझं म्हणणं असं की ते एक नाहीत.

‘हया’ ज्या अरबी धातूवरून येते त्याच धातूवरून ‘हयात’ येते, म्हणजे जीवन. चौदाव्या शतकातले दमास्कसचे आलिम इब्न कय्यिम यांनी या नात्यावर लिहिलं आहे: मन जितकं जिवंत तितकी त्यात हया जास्त. अरबीत पावसालाही ‘हया’ म्हणतात, कारण त्याने मेलेली जमीन जगते. ओसाड वाळवंटातल्या अरबाला हे कळलं, तर कोकणातल्या माणसाला का कळू नये? मे महिन्यात काळा ठिक्कर पडलेला कातळ जूनच्या सरींनंतर आठ-पंधरा दिवसांत हिरवा होतो, ते आपण दर वर्षी पाहतो. इंग्रजी शब्दांची मुळं उघडली तर भीती निघते, अवाक होणं निघतं, माप निघतं. हयेचं मूळ उघडलं तर जगणं निघतं.

मराठीत ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग’ असं म्हणतात. हयेचा अर्थ सांगायचा तर या म्हणीचा दुसरा भाग घ्यावा. कुणी पाहत नसतानाही अल्लाह पाहतो आहे या जाणिवेने माणूस वाईटापासून मागे सरतो, ती हया. हदीसमध्ये तिला ईमानची एक शाखा म्हटलं आहे, आणि तिथे पुरुष-स्त्री असा भेद नाही. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, बायकांना त्याच्या पुढच्या आयतीत. आपल्या मोहल्ल्यात मात्र ‘हया’ हा शब्द मुलींच्या वाट्याला आला, आणि त्याचा अर्थ झाला गप्प बसणं.

कुरआनातच पाहा. सूरह कससमध्ये मदयनची एक मुलगी मूसा (अलै.) यांच्याकडे हयेने चालत येते. तिच्या चालण्याचं वर्णन आहे, पण ती मुकी नाही. वडिलांचा निरोप ती स्पष्ट सांगते: आमच्या जनावरांना पाणी पाजलंत, त्याची मजुरी द्यायला वडील बोलावताहेत. आणि पुढच्याच आयतीत दोघी बहिणींपैकी एक वडिलांना सल्ला देते की या माणसाला कामावर ठेवा, तो सशक्त आहे आणि विश्वासू आहे. परक्या पुरुषाशी बोलणं, त्याची पारख करणं, बापाला मत देणं, हे सगळं या घरातल्या मुली हया ठेवून करतात.

हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांची हदीस अनेकांना माहीत असेल. त्यांनी पैगंबर (स.) यांना स्त्रीच्या शरीराविषयी एक असा प्रश्न विचारला, जो आज आपल्याकडची बाई लेडी डॉक्टरलाही विचारायला कचरते. विचारण्याआधी त्यांनी एवढंच म्हटलं की अल्लाह सत्य सांगायला संकोचत नाही. हजरत उम्मे सलमा (रजि.) तिथे होत्या, त्यांनी लाजून चेहरा झाकून घेतला. पण प्रश्नाला उत्तर मिळालं, आणि ते चौदाशे वर्षं फिकहच्या किताबांत आहे. हजरत आयशा (रजि.) अन्सारांच्या बायकांचं कौतुक करत असत ते याचसाठी, की दीन समजून घेताना हया त्यांच्या आड आली नाही. इमाम बुखारींनी आपल्या संग्रहात, इल्मच्या भागात, ‘इल्ममधली हया’ असं एक प्रकरणच केलं आहे. त्याच्या सुरुवातीला ते मुजाहिद यांचं एक मत देतात: लाजणारा आणि गर्विष्ठ, हे दोघे शिकू शकत नाहीत. शिक्षकाच्या नोकरीत मला हे रोज दिसतं. गर्विष्ठ मुलं त्यातल्या त्यात कमीच भेटतात.

पण म्हणून प्रत्येक लाजाळू मुलाला धरून बोलतं करावं असंही नाही. एक अन्सारी माणूस आपल्या भावाला त्याच्या फार लाजण्यावरून बोलत होता, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्याला थांबवलं आणि म्हटलं, त्याला सोड, हया ईमानचा भाग आहे. हे आम्ही शिक्षक विसरतो. सगळ्या शांत मुलांना ‘स्मार्ट’ करायचा जो सपाटा आज चालला आहे, त्यात काही चांगली मनंही खरवडली जातात.

मग ओळखायचं कसं? मी तरी शब्दांच्या मुळांकडेच जातो. उर्दू माध्यमातली मुलगी ‘सर, शरम आती है’ म्हणून मराठीत बोलत नाही, तेव्हा ती शरम कोणती? घरात तिची कोकणी मुसलमानी बोली, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, पुढे परीक्षेत इंग्रजी. प्रमाण मराठीत लिंग चुकेल, कुणी हसेल, या धास्तीने ती गप्प आहे. ही हया नव्हे, हे बुजणं आहे. समोर काहीतरी फडफडतं आहे म्हणून. ते बुजगावणं आहे हे तिला दिसलं की ती बोलते. तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी गेलेला आमचा चांगला शिकलेला मुलगा खिडकीपाशी अडखळतो, त्याचंही हेच. आणि वडीलधारे बसलेत म्हणून जो बोलत नाही, त्याला भीड पडलेली असते. भिडेविषयी मराठी म्हण कठोर आहे: भीड भिकेची बहीण.

या म्हणीवरून आपल्या तालुक्यातला एक भिडस्त माणूस आठवतो. मुरूडचे धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८. स्वभावाने अतिशय लाजाळू. स्वतःविषयी लिहिताना त्यांनी हे लपवलेलं नाही. तरुणपणी सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला पायी गेले, घाट चढून, शंभराहून जास्त मैल. तिथल्या अधिकाऱ्याने चेहरा पाहून म्हटलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, आणि परीक्षेला बसू दिलं नाही. आले तसे परत. याच माणसाने १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न केलं आणि मुरूडचा बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये अनाथबालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. त्यासाठी पैसे कसे जमवले? दारोदार मागून, पुढे सत्तरी ओलांडल्यावर परदेशांत फिरून. भिडस्त माणसाला पैसे मागण्याइतकं अवघड काही नसतं. म्हणीत भीड माणसाला भिकेला लावते. कर्व्यांनी भीक मागण्यासाठी भीड सोडली. लाजाळूपणा मात्र त्यांच्या स्वभावातून गेला असं दिसत नाही. तो होता तिथेच राहिला, आणि काम पुढे गेलं.

बुखारींच्या ज्या प्रकरणाचा वर उल्लेख केला, त्यातच एका मुलाची गोष्ट आहे. पैगंबर (स.) यांनी बसलेल्या लोकांना कोडं घातलं: एक झाड आहे, त्याची पानं गळत नाहीत, ते मोमिनासारखं आहे, कोणतं ते सांगा. लोक रानातल्या झाडांची नावं मनात आठवू लागले. तिथे हजरत उमर (रजि.) यांचा मुलगा अब्दुल्लाह बसला होता, सगळ्यांत लहान. त्याला उत्तर सुचलं होतं: खजूर. पण हजरत अबू बक्र (रजि.) गप्प, वडील गप्प. तो बोलला नाही. शेवटी लोकांनीच विचारलं आणि पैगंबर (स.) यांनी सांगितलं, खजूर.

मजलिस उठल्यावर त्याने वडिलांना सांगितलं की मला येत होतं. हजरत उमर (रजि.) यांच्या कडक स्वभावाच्या गोष्टी आपण ऐकत आलो आहोत. मोठ्यांसमोर गप्प राहिलास ते बरं केलंस, असं ते म्हणाले असते तरी कुणाला नवल वाटलं नसतं. ते म्हणाले, तू बोलला असतास तर मला अमुक-अमुक दौलत मिळण्यापेक्षा जास्त आनंद झाला असता.

हा मुलगा मोठा होऊन हदीस सांगणाऱ्यांत अग्रगण्य झाला, सर्वांत जास्त हदीस सांगणाऱ्यांच्या यादीत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्यानंतर त्याचंच नाव येतं. आणि त्या दिवशी आपल्याला उत्तर येत होतं, पण आपण बोललो नाही, ही गोष्ट जगाला कळली तीही हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांनी स्वतः सांगितली म्हणून.